घरच्या शिकवणीचे धाकटे मास्तर

यंदाच्या स्मरणिकेसाठी शिक्षणविषयक काही लिहून द्यावे, अशी कार्यकारी मंडळाची सूचना झाली. गुणवंतांचे सत्कार, शिष्यवृत्त्यांचे हिशेब आणि देणगीदारांची नामावली यांसाठी ही पाने दरवर्षी खर्ची पडतात, आणि ती पडावयासच हवीत. परंतु ज्या एका लहानशा उद्योगाच्या आधाराने आपल्यातील कित्येक घरांतला पहिला शिकलेला माणूस शिकला, त्याची हकीकत या पानांतून कधी आलेली नाही. तो उद्योग म्हणजे घरची शिकवणी. पंधरा-सोळा वर्षांचा, अजून मिसरूडही न फुटलेला मुलगा दिवेलागणीच्या सुमारास दुसऱ्याच्या ओटीवर जाऊन बसतो, त्या घरच्या धाकट्या मुलांना पाढे, शुद्धलेखन आणि इंग्रजी शिकवितो, महिनाअखेर मिळेल ते वेतन घेतो आणि त्यातून स्वतःची फी भरतो, हे दृश्य पनवेलीस काय किंवा कोकणातील कोणत्याही पेठेच्या गावी काय, दोन-तीन पिढ्या नित्याचे होते. नित्याचे होते म्हणूनच त्याची नोंद कोणी ठेवली नाही.

मोठ्या मुलाने धाकट्यास शिकवावे, ही रीत मुळात आपल्याकडचीच. पंतोजींच्या शाळेत एकच पंतोजी आणि सर्व वयांची मुले अशी स्थिती असे. धुळपाटीवर अक्षरे गिरविणाऱ्या लहानग्यांना पंतोजी स्वतः क्वचितच हात लावीत. ते काम वरच्या मुलांकडे असे. या रीतीचा प्रवास मोठा मौजेचा आहे. अँड्र्यू बेल नावाचे पाद्री १७८९ च्या सुमारास मद्रासेस एग्मोर येथील अनाथ मुलांच्या आश्रमशाळेचे प्रमुख झाले. तेथील शिक्षक त्यांचे ऐकेनात. एके दिवशी एका देशी शाळेतील मुले वाळूवर बोटाने अक्षरे काढीत असलेली त्यांच्या दृष्टीस पडली. बेलसाहेबांनी तोच प्रकार आपल्या शाळेत सुरू केला, आणि मोठे शिक्षक ऐकत नाहीत म्हणून वर्णमालेचा वर्ग जॉन फ्रिस्किन नावाच्या अवघ्या आठ वर्षांच्या मुलाच्या स्वाधीन केला. त्या मुलाने तो उत्तम चालविला. पुढे १७९७ साली बेल यांनी लंडनमध्ये या प्रयोगाची हकीकत छापली आणि ‘मद्रास पद्धती’ या नावाने ती इंग्लंडभर पसरली. १८४६ पासून तर तेथे तेरा वर्षांच्या मुला-मुलींना पाच वर्षांच्या करारावर ‘विद्यार्थी-शिक्षक’ म्हणून नेमण्याची सरकारी पद्धतच पडली. म्हणजे अनुभव नसलेल्या पोरसवदा मुलाने शिकवावे की नाही, हा प्रश्न आजचा नव्हे. आपल्या शाळेतून साहेबाने उचललेली ही गोष्ट साहेबाच्या देशात नियमाने चालू लागली आणि आपल्याकडे मात्र ती शाळेतून उठून घराच्या ओटीवर आली.

ती ओटीवर का आली, हे समजण्यास पनवेलची स्थिती थोडी ध्यानात घ्यावी लागते. रेल्वे होण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास जाणारा माणूस गलबताने पनवेल बंदरात उतरे आणि तेथून बोरघाटाच्या वाटेस लागे. १८३० साली घाटातील गाडीरस्ता झाला तेव्हा या पेठेचे महत्त्व आणखी वाढले. भात, मीठ आणि बैलगाडीची चाके यांचा येथे मोठा व्यापार होता. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली आणि पुण्याचा उतारू पनवेलीस येईनासा झाला. तरी आसपासच्या खेड्यांचा बाजार म्हणून गाव टिकून राहिले. येथील नगरपालिका १८५२ ची, म्हणजे राज्यातील अगदी जुन्यांपैकी. २०१६ साली तिची महानगरपालिका झाली. असे गाव म्हणजे काय, तर ज्याच्या घरी हिशेबाच्या वह्या आहेत आणि मुलास त्या वाचता याव्यात अशी इच्छा आहे असा दुकानदार. आणि ज्याच्या घरी काहीच नाही, पण मुलगा हुशार आहे असा खेड्यातील शेतकरी, आगरी, कोळी, कारागीर किंवा भिक्षुक. पहिल्याकडे पैसा होता आणि वेळ नव्हता. दुसऱ्याच्या मुलाजवळ संध्याकाळचे दोन तास होते आणि फीला पैसा नव्हता. या दोघांची गाठ पडली म्हणजे शिकवणी ठरे.

फीचा प्रश्न किती जीवघेणा होता, याचे उदाहरण शोधण्यास गावाबाहेर जावयास नको. केशव सीताराम ठाकरे, म्हणजेच प्रबोधनकार, यांचा जन्म १७ सप्टेंबर १८८५ रोजी पनवेल येथेच झाला. पुढच्या शिक्षणासाठी त्यांना गाव सोडून पार मध्य भारतातील देवासपर्यंत जावे लागले. तेथे मॅट्रिकच्या परीक्षेची फी भरण्याची वेळ आली तेव्हा जवळच्या रकमेत दीड रुपया कमी पडला आणि परीक्षेचे दार कायमचे बंद झाले. ही हकीकत त्यांनी आपल्या आत्मचरित्रात स्वतःच सांगितली आहे. पुढे हा मनुष्य लेखक, वक्ता, समाजसुधारक, नाटककार असा अनेक अंगांनी गाजला, ही गोष्ट वेगळी. परंतु दीड रुपया म्हणजे एका लहान मुलाच्या एखाद्या महिन्याच्या शिकवणीचे वेतन! तेवढ्या रकमेला एका बुद्धिमान मुलाच्या आयुष्यात काय किंमत होती, हे यावरून दिसते. आणि प्रबोधनकारांनी लिहून ठेवले म्हणून आपणांस कळले. ज्यांचा असाच रुपया-दीड रुपया कमी पडला आणि ज्यांनी पुढे काहीच लिहिले नाही, अशांची गणती कोण करणार?

मॅट्रिकची परीक्षा तेव्हा मुंबई विद्यापीठ घेत असे. १८५७ साली विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली. त्या वेळी १३२ विद्यार्थी बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. त्या बाविसांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. तेव्हापासून पुढे जवळजवळ नव्वद वर्षे, म्हणजे शालान्त परीक्षेचे मंडळ येईपर्यंत, मॅट्रिक हीच नोकरीची आणि प्रतिष्ठेची वेस होती. वेशीपर्यंत पोचावयाचे तर गरीब मुलाने काय करावे? ब्राह्मण मुलास एक जुनी वाट होती, ती म्हणजे वार लावून जेवणे किंवा माधुकरी मागणे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात घरचे सात वार. या रीतीने अनेक थोर माणसे शिकली, याबद्दल त्या घरांचे ऋण मानलेच पाहिजे. पण वाराने जेवणाऱ्या मुलाच्या मानेवर एक अदृश्य ओझे असे. अन्न आयते, म्हणून आवाज खालचा. शिकवणीने हे ओझे उतरविले. त्याच घरी, त्याच ओटीवर तो मुलगा आता घेणारा म्हणून नव्हे, तर देणारा म्हणून बसू लागला. माझ्या मते गरीब विद्यार्थ्याच्या इतिहासात फी-माफीहून हा फरक मोठा आहे.

या वाटेने गेलेल्यांत सर्वांत परिचित नाव धोंडो केशव कर्वे यांचे. मुरुडचा हा मुलगा १८७५ साली सार्वजनिक परीक्षेस बसण्यासाठी घाट चढून चार दिवस पायी चालत साताऱ्यास गेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षकांनी त्यास परत पाठविला, ही गोष्ट पूर्वी शाळेच्या पुस्तकांतून सर्वांनी वाचलेली आहे. त्यापुढची गोष्ट कमी वाचली जाते. मॅट्रिक होण्यास त्यांना वयाचे तेविसावे वर्ष, म्हणजे १८८१ साल उजाडले. मुंबईस कॉलेजात असताना आणि १८८४ साली बी. ए. झाल्यावरही कित्येक वर्षे त्यांचा चरितार्थ मुख्यतः शिकवण्यांवर चालला. पहाटेपासून एका घरून दुसऱ्या घरी असे मुंबईचे रस्ते ते तुडवीत. अशा मिळकतीतूनही एक ठरावीक अंश धर्मादायासाठी बाजूला काढण्याचा त्यांचा नेम होता. १८९१ साली फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक म्हणून त्यांना बोलावणे आले, त्यामागे वर्गातील अनुभवाइतकीच ओटीवरची ही तालीम होती, असे म्हणावयास हरकत नाही.

गोपाळ कृष्ण गोखले यांची गोष्ट किंचित निराळी. वडील वारल्यावर थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातील आठ रुपये ते धाकट्या भावास पाठवीत. १८८४ साली, अठराव्या वर्षी, गोपाळराव बी. ए. झाले आणि १८८५ साली पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपयांवर शिक्षक लागले. एकोणिसावे वर्षही पुरे झालेले नव्हते. समोरच्या बाकांवरील काही विद्यार्थी वयाने त्यांच्या बरोबरीचे असतील. घरखर्चास जोड म्हणून नोकरीच्या परीक्षेचा वर्गही ते घेत. पुढे त्यांनी रचलेले अंकगणिताचे पुस्तक देशभर चालले. ज्यास नुकतेच स्वतः अडखळून गणित आले आहे, त्यासच दुसरा कोठे अडखळतो हे कळते. त्या पुस्तकाच्या यशाचे रहस्य मला यात दिसते. विद्वान मनुष्य आपली अडचण विसरलेला असतो. सोळा वर्षांचा मुलगा ती विसरलेला नसतो. बेलसाहेबांच्या आठ वर्षांच्या मास्तराचे यश याच कारणाने होते.

येथपर्यंतची नावे वाचून कोणास वाटेल की, शिकवणीची वाट सर्वांस सारखी मोकळी होती. तसे नव्हते, आणि ज्ञातिसंस्थेच्या पुस्तकात हे स्पष्ट लिहिले पाहिजे. शाळा सरकारी असू शकते, पण शिकवणी दुसऱ्याच्या घरात चालते. शिकविणाऱ्यास प्रथम उंबरठ्याशी यावे लागते. कोकणातील घरास अंगण, पडवी, ओटी आणि माजघर अशा पायऱ्या असतात. कोणी कोठवर यावे, हे ज्ञातीवरून ठरे. ज्यास अंगणातच थांबावे लागे, त्यास कितीही विद्या असली तरी शिकवणी कोण देणार? आणि वाराची सोयही त्यास नव्हतीच. म्हणजे ज्यास गरज अधिक, त्यास दोन्ही दारे बंद.

ही अडचण ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या ज्ञातींची विद्यार्थी वसतिगृहे काढविली. त्यांचे महत्त्व जेवणापुरते नव्हते; कोणाच्या उंबरठ्यावर न जाता मुलास शिकता यावे, हा त्यातील मुख्य हेतू होता. आपल्यासारख्या ज्ञातिमंडळांनी पुढे जी वसतिगृहे व शिष्यवृत्त्या सुरू केल्या, त्यांचे मूळ तेथे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण तर विचार करण्याजोगे आहे. अमेरिका व इंग्लंड येथे शिकून आल्यावर १९१७ साली बडोद्यास त्यांना राहावयास घर मिळाले नाही आणि नोकरी सोडून मुंबईस परतावे लागले. त्या दिवसांत त्यांनी दोन विद्यार्थ्यांच्या खाजगी शिकवण्या धरल्या. पुढे १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळेपर्यंत असेच दिवस काढावे लागले. एवढ्या मोठ्या विद्वानास शिकवणीचा आधार घ्यावा लागला, याचा खेद वाटतो. आणि दोन घरांनी तरी जात न पाहता मास्तर पाहिला, याचे बरेही वाटते.

परंतु शिकवणीच्या या इतिहासात माझ्या दृष्टीने मुकुटमणी कोणी असेल तर ते कर्मवीर भाऊराव पाटील. १८८७ साली जन्मलेले भाऊराव कोल्हापुरास शाहू महाराजांच्या छायेत शिकले, पण मॅट्रिकची वेस काही त्यांना ओलांडता आली नाही. घरी परतल्यावर, शिक्षणही नाही आणि कमाईही नाही म्हणून वडिलांचा रोष झाला. मानी स्वभावाचा हा तरुण साताऱ्यास निघून आला आणि त्याने घरोघर शिकवण्या धरल्या. पदवी नाही, प्रमाणपत्र नाही, अनुभव नाही. तरी थोड्याच काळात ‘पाटील मास्तर’ म्हणून त्यांचा लौकिक झाला आणि बऱ्यापैकी मिळकत होऊ लागली. मॅट्रिक न झालेला मनुष्य इतरांच्या मुलांना परीक्षेस तयार करतो, यात हसण्यासारखे काही नाही. जो नापास झाला आहे, त्यास परीक्षा कोठे दगा देते हे नेमके ठाऊक असते. पुढे त्यांनी कंदील आणि नांगर यांच्या कारखान्यांचा माल विकीत महाराष्ट्र पालथा घातला आणि १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. ‘कमवा आणि शिका’ हा त्या संस्थेचा मंत्र सर्वश्रुत आहे. त्या मंत्राचा उगम शेतातील श्रमात आहे असे सांगतात, व ते खरेच. पण ज्या तरुणाने स्वतः शिकवून कमावले आणि कमावता कमावता लोकांची घरे आतून पाहिली, त्याच्याच मुखी तो शोभला. आपल्या पनवेलचे महात्मा फुले महाविद्यालय त्याच रयत शिक्षण संस्थेचे आहे, हे नव्या पिढीतील पुष्कळांच्या ध्यानात नसते.

मुलींचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. ज्या काळी मुलीस शाळेत पाठविणे प्रशस्त मानले जात नसे, त्या काळी घरची शिकवणी हेच तिचे विद्यालय होते. रमाबाई रानडे लग्नानंतर घरी शिकू लागल्या; प्रथम स्वतः माधवरावांनी व पुढे त्यांनी योजिलेल्या शिक्षिकांनी त्यांस शिकविले. भावाच्या शिकवणीला बहिणीने माजघराच्या दाराआडून कान द्यावा आणि मास्तरांचा प्रश्न भावास न येता तिने आतून उत्तर द्यावे, अशा गोष्टी जुन्या बायकांच्या तोंडून पुष्कळ ऐकल्या आहेत. मात्र मुलीने स्वतः दुसऱ्याच्या घरी जाऊन शिकवावे, हे आपल्याकडे फार उशिरा आले. परदेशातील एक गोष्ट या संदर्भात सांगण्याजोगी आहे. रेडियमचा शोध लावणाऱ्या मेरी क्युरी मूळच्या पोलंडमधील. १८६७ चा त्यांचा जन्म. थोरल्या बहिणीस पॅरिसला वैद्यकी शिकावयाची होती आणि घरी पैसा नव्हता. दोघी बहिणींनी आपसांत करार केला: धाकटीने शिकवण्या करून थोरलीचा खर्च चालवावा, आणि थोरली डॉक्टर झाल्यावर तिने धाकटीस बोलावून घ्यावे. त्याप्रमाणे अठराव्या वर्षी, १८८६ च्या आरंभी, ही मुलगी दूर खेड्यातील एका सधन कुटुंबात राहून मुलांना शिकवू लागली. तेथे सुमारे तीन वर्षे गेली. सधनांची मुले झाली की उरलेल्या वेळात गावच्या शेतकऱ्यांच्या मुलांनाही ती पोलिश वाचावयास शिकवी. रशियन सत्तेखाली ते धोक्याचे होते. बहिणीने वचन पाळले आणि पुढचे जगास माहीत आहे. आपल्याकडे गोविंदराव गोखल्यांनी जे केले तेच हे, एवढेच की येथे नोकरीऐवजी शिकवणी होती.

आता ही धाकटी मास्तरकी प्रत्यक्षात कशी चाले, ते पाहू. जुन्या काळी शिकवणीचा गाभा उजळणी हा होता. पाढे तीसपर्यंत, आणि त्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. संध्याकाळी परवचा म्हणवून घेणे, हे मास्तराचे पहिले काम. आजच्या मुलांस हे अपूर्णांकांचे पाढे छळासारखे वाटतील. पण सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण असताना दुकानदाराच्या मुलास त्यावाचून गती नव्हती. साडेबारा रुपये मण तर शेर केवढ्यास, असा प्रश्न ओटीवर आला की पाटीला हात न लावता पाच आणे हे उत्तर आले पाहिजे. दुकानदार-बाप गल्ल्यावरून उठून येई, असा एक प्रश्न टाकी आणि मुलाचे उत्तर ऐकून मास्तराची परीक्षा करी. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, मागोमाग वजने-मापे बदलली, आणि शेकडो वर्षांची ही तोंडची विद्या दहा वर्षांत निरुपयोगी झाली. त्याबरोबर शिकवणीचे स्वरूपही पालटले. उजळणीच्या जागी इंग्रजी आले. ज्यास दुकानदाराचा हिशेब येत होता त्या मास्तरास आता ‘टेन्स’ येतो काय, असे विचारले जाऊ लागले.

प्रस्तुत लेखकाची मास्तरकी या बदलानंतरची. १९७६ साली शालान्त परीक्षा दिली (घरातील वडील माणसे तिला अखेरपर्यंत मॅट्रिकच म्हणत) आणि निकाल लागण्यापूर्वीच बाजारातील एका घरी चौथीतील मुलगा व सहावीतील त्याची बहीण अशा दोघांना शिकविण्याचे ठरले. वय सोळा. दोघांचे मिळून महिना पंचवीस रुपये. चौथीस शिष्यवृत्ती परीक्षा असे आणि पाचवीपासून इंग्रजी सुरू होई, म्हणून त्या दोन इयत्तांच्या मुलांना मागणी अधिक. त्या घरच्या आजी एरवी ‘अरे’ म्हणूनच हाक मारीत. पण मुले समोर बसली की ‘अहो मास्तर, चहा घ्या’ असे म्हणत. मुलांनी मान राखावा म्हणून एका वृद्ध स्त्रीने सोळा वर्षांच्या पोरास ‘अहो’ म्हणावे, यात शिकवणीचे सगळे शास्त्र आले. दोन वर्षांच्या अध्यापक विद्यालयात पुढे जे शिकविले गेले, त्यातील निम्मे त्या ओटीवर अगोदरच कळून चुकले होते: मुलास काय येत नाही हे त्यास विचारून कळत नाही, वाचावयास लावून कळते, एका बैठकीत एकच नवी गोष्ट, आणि आईच्या देखत मुलास कधी रागवू नये.

सर्व घरे मात्र अशी नसत. दुसऱ्या एका घरी, गावाचे व घराचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही, तिमाही परीक्षेत मुलास गुण कमी पडले म्हणून दोन महिन्यांचे वेतन दिले गेले नाही. ‘पास करून दाखवा, मग बघू’ असे उत्तर मिळाले. तोंडी करार, सोळा वर्षांचे वय आणि समोर गावातील वजनदार मनुष्य. दाद मागणार कोणाकडे? त्या रकमेतून पुस्तके घ्यावयाची होती, ती त्या वर्षी उसनी आणावी लागली. हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. धाकट्या मास्तराचे वेतन बुडविणे फार सोपे असते, कारण तो ज्ञातीतला, ओळखीतला, ‘आपलाच मुलगा’ असतो. आपलेपणाने काम द्यावे आणि आपलेपणानेच पैसे बुडवावेत, असा हा व्यवहार. वेतन थोडे असले तरी चालेल, पण ते महिन्याच्या ठरल्या दिवशी मिळाले पाहिजे, आणि निकालाशी त्याचा संबंध लावता कामा नये, एवढे तरी देणाऱ्या घरांनी पाळावयास हवे होते. शाळामास्तराचा पगार मुले नापास झाली म्हणून कोणी कापला आहे काय?

गेल्या तीस-चाळीस वर्षांत ही ओटीवरची शिकवणी मागे पडली. एक तर ओटीच उरली नाही. शिवाय मोठे क्लास निघाले. गावात व्ही. के. हायस्कूल आणि याकुब बेग हायस्कूल यांच्या आसपास संध्याकाळी वह्या घेऊन चालणारी मुले दिसत, त्यांच्या जागी नवीन पनवेलच्या इमारतींपुढे दुचाक्यांच्या रांगा दिसू लागल्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने शाळेतील शिक्षकांस खाजगी शिकवण्या घेण्यास मनाई केली. ही मनाई मला योग्य वाटते, कारण वर्गात अर्धवट शिकवून उरलेले घरी विकण्याचा मोह अनेकांस होत होता. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पदवीपेक्षा कमी शिक्षण असलेल्यास शिक्षक नेमू नये आणि सोळा वर्षांखालील मुलांस प्रवेश देऊ नये, असे त्यांत आहे. भाऊराव पाटलांस या नियमाने कोणत्याही वर्गात उभे राहता आले नसते! मात्र त्या सूचना मोठ्या वर्गांसाठी आहेत. शेजारच्या चौथीतल्या मुलास घरी जाऊन वाचावयास शिकविणाऱ्या अकरावीतल्या मुला-मुलीस त्यांची आडकाठी नाही.

आपल्या ज्ञातीत दोन्ही प्रकारची घरे अजून आहेत. एकीकडे नोकरीस जाणारे आई-बाप आणि संध्याकाळी एकटी बसलेली लहान मुले. दुसरीकडे कॉलेजच्या बसचे भाडे जमविणारी मुले-मुली. मंडळाच्या कार्यालयात एक वही ठेवावी, शिकविण्यास तयार असलेल्या विद्यार्थ्यांची आणि शिकवणी हवी असलेल्या घरांची नोंद तीत व्हावी, वेतन व वेळ मंडळाच्या साक्षीने ठरावी, अशी सूचना मी कार्यकारी मंडळापुढे लेखी ठेवली आहे. मुलींस संध्याकाळी लांब जावे लागू नये, म्हणून त्याच आळीतील वा त्याच इमारतीतील घर द्यावे, हेही त्या सूचनेत आहे.

याखेरीज सभासद कुटुंबांकडे एक मागणे आहे. आपल्या आजोबांनी, चुलत्यांनी किंवा आत्याबाईंनी लहान वयात शिकवण्या केल्या असतील, तर त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या, वेतनाच्या चिठ्ठ्या किंवा घरी पाठविलेली पत्रे जुन्या ट्रंकांतून असण्याचा संभव आहे. असे कागद मोडीत असले तरी टाकून देऊ नयेत. मोडी वाचणारे एक-दोघे गावात अजून आहेत. कागद मंडळाच्या कार्यालयात रविवारी सकाळी आणावेत. नक्कल करून घेऊन मूळ कागद त्याच दिवशी परत देण्यात येतील.